शिकाऊ की राबत्या? ब्रिटनमधील रुग्णालयीन परिचारिका-प्रशिक्षणाचा इतिहास

कोरा_कागद (धागाकर्ता)

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० च्या जुलैमध्ये नाइटिंगेल निधीच्या पैशांतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. तिथे प्रत्येक शिकाऊ बाईच्या नावे एक छापील तक्ता असे आणि तो महिन्याच्या महिन्याला भरला जाई. तक्त्याचे दोन भाग होते. एका भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप असे वागणुकीचे रकाने होते; दुसऱ्या भागात जखमेची मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा देणे, हालचाल न करता येणाऱ्या रुग्णाला सांभाळणे, खाट घालणे, आजाऱ्याचा स्वयंपाक, भांड्यांची स्वच्छता आणि रुग्णाचे निरीक्षण असे कामाचे रकाने होते. शेरे पाच प्रकारचे होते: उत्तम, चांगले, मध्यम, सदोष आणि शून्य. विद्यार्थिनीचे प्रगतिपुस्तक आणि नोकराची हजेरीवही यांच्या मधला हा कागद आहे, असे मला तो पाहताना वाटले, आणि पुढची सव्वाशे वर्षे ब्रिटनमधले परिचारिका-प्रशिक्षण याच दोहोंच्या मध्ये अडकून पडले, हे या धाग्यातून मांडायचे आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या सन्मानार्थ लोकवर्गणीतून सुमारे ४४ हजार पौंडांचा निधी जमला होता आणि त्याच्या उत्पन्नातून ही शाळा चालवायची होती. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. वयाची अट साधारण २५ ते ३५ अशी होती. राहणे, जेवण, चहा-साखर, गणवेश आणि वर्षाकाठी १० पौंड एवढे त्यांना मिळे. बदल्यात एक वर्ष शिकायचे आणि त्यानंतर निधीचे विश्वस्त सांगतील त्या रुग्णालयात ठरावीक काळ नोकरी करायची, असा करार होता. शिकवणार कोण? वॉर्डातल्या सिस्टर, म्हणजे वॉर्डप्रमुख परिचारिका, ज्या स्वतः असे काही शिकून आलेल्या नव्हत्या. देखरेख मेट्रन, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका, सारा वॉर्ड्रोपर यांची, आणि अधूनमधून व्याख्याने डॉक्टरांची. नाइटिंगेल स्वतः तोवर आजारपणाने घरातच खिळलेल्या होत्या. शाळेवर त्यांचे नाव असले तरी पहिल्या दशकात रोजच्या कारभारावर त्यांचा हात फारसा नव्हता. शाळेत वर्गासारखे काही होत नाही आणि शिकाऊ बायकांना सरळ कामाला जुंपले जाते, हे १८७० च्या सुमारास लक्षात आल्यावर मग त्यांनी लक्ष घातले. त्यानंतर ‘होम सिस्टर’ नावाचे पद निर्माण झाले, आणि निवासातल्या मुलींचा अभ्यास घेणारी एक व्यक्ती पहिल्यांदा अस्तित्वात आली.

आता रुग्णालयाच्या बाजूने पाहा. ब्रिटनमधली मोठी रुग्णालये तेव्हा धर्मादाय देणग्यांवर चालत असत. पगारी नर्स ठेवण्यापेक्षा शिकाऊ ठेवणे कितीतरी स्वस्त पडे, शिवाय ती निवासात राहत असल्यामुळे हाकेच्या अंतरावर असे आणि बोलण्याचालण्यात चांगल्या घरची असे. हे गणित सगळ्यांना इतके पटले की पुढच्या तीसेक वर्षांत लहानमोठ्या रुग्णालयांनी आपापल्या ‘शाळा’ काढल्या. यातल्या अनेक शाळांना ना वेगळी इमारत होती, ना शिक्षिका, ना स्वतःचा पैसा. शाळा म्हणजे वॉर्डच. एक तुकडी पुढे सरकली की तिच्या जागी दुसरी यायलाच हवी, नाहीतर खाटांवरच्या माणसांना पाणी द्यायला कोणी उरत नसे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पूर्व लंडनमधले ‘लंडन हॉस्पिटल’. एव्हा ल्यूकेस १८८० मध्ये तिथे मेट्रन झाल्या, तेव्हा त्या जेमतेम २६ वर्षांच्या होत्या, आणि त्या पदावर त्या १९१९ पर्यंत राहिल्या. त्यांनी शिस्त आणली, व्याख्याने सुरू केली, आणि १८९५ मध्ये ट्रेडेगर हाऊस येथे वॉर्डात पाय ठेवण्याआधीचा सहा आठवड्यांचा प्राथमिक वर्ग काढला. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी गोळ्या घातलेल्या परिचारिका एडिथ कॅव्हेल याच रुग्णालयात शिकल्या. पण याच रुग्णालयावर असाही आक्षेप होता की प्रशिक्षण पुरे न झालेल्या मुलींना श्रीमंतांच्या घरी खासगी परिचारिका म्हणून पाठवले जाते आणि त्याचे पैसे रुग्णालय घेते. लंडनमधल्या रुग्णालयांची चौकशी करण्यासाठी १८९० मध्ये बसलेल्या ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीपुढे या तक्रारी मांडल्या गेल्या. एकाच बाईने चांगली शाळाही घडवली आणि शिकाऊंच्या श्रमावर रुग्णालयाची तिजोरीही भरली. यांतले एक खरे आणि दुसरे खोटे असे म्हणता येत नाही, म्हणूनच मला हा विषय रोचक वाटतो.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः परिचारिकांच्या नोंदणीचा १९१९ चा कायदा आणि त्यानंतरचा काळ यांवर कोणी लिहिले तर चर्चा पुढे जाईल.

साळुंकी

धागा आवडला, पण सुरुवात १८६० पासून करण्याला माझी हरकत आहे. आपल्याकडे नाइटिंगेल यांच्या नावाआधी सगळा अंधार होता असे सांगण्याची प्रथाच पडली आहे. एलिझाबेथ फ्राय यांनी १८४० मध्ये नर्सिंग सिस्टरांची संस्था काढली होती आणि तिच्यातल्या बायका काही काळ रुग्णालयात जाऊन काम पाहत असत. १८४८ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन्स हाऊस या अँग्लिकन भगिनीसंस्थेने १८५६ पासून किंग्ज कॉलेज हॉस्पिटलची सगळी शुश्रूषा करारावर चालवायला घेतली, म्हणजे सेंट थॉमसच्या शाळेच्या चार वर्षे आधी. नाइटिंगेल यांचे वेगळेपण मला दोन गोष्टींत दिसते. त्यांनी शाळा कोणत्याही धर्मपंथाशी बांधली नाही, आणि शुश्रूषेची सगळी सत्ता मेट्रन नावाच्या एका बाईच्या हाती द्यावी असा आग्रह धरला. डॉक्टरांना आणि रुग्णालयाच्या खजिनदाराला न विचारता नर्सला ठेवणारी आणि काढणारी बाई, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

दुसरे असे की या शाळेतून बाहेर पडलेल्या बायका जिथे गेल्या तिथे तिचा साचा घेऊन गेल्या. ॲग्नेस जोन्स १८६५ मध्ये बारा प्रशिक्षित परिचारिकांसह लिव्हरपूलच्या वर्कहाऊसमधल्या (निराधार गरिबांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहातल्या) इस्पितळात गेल्या, जिथे तोपर्यंत आजारी दरिद्र्यांची देखभाल तिथलेच दुसरे दरिद्री करत असत. त्या १८६८ मध्ये तिथेच टायफसने वारल्या. त्याच वर्षी लूसी ऑसबर्न पाच जणींना घेऊन सिडनीला पोहोचल्या. राबवून घेणे होते हे मान्य. पण या राबण्यातूनच एका पिढीत स्वतःच्या बळावर रुग्णालय चालवू शकणाऱ्या बायका तयार झाल्या, हेही लिहायला हवे.

कोरा_कागद

साळुंकी, हरकत मान्य. १८६० हे साल मी करारामुळे धरले. शिकणे, राहणे आणि राबणे या तिन्हींचा एकत्र करार पुढे सर्वत्र पसरला, तो इथून. भगिनीसंस्थांमध्ये श्रमाला व्रताचे रूप होते, त्यामुळे तिथे मोबदल्याचा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटत असे.

निशाचर

नोंदणीच्या लढ्याबद्दल लिहितो, कारण धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न तिथे उघडपणे लढला गेला.

एथेल मॅन्सन, म्हणजे लग्नानंतरच्या एथेल बेडफर्ड फेनविक, या १८८१ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या. त्याआधी त्या लंडन हॉस्पिटलमध्ये ल्यूकेस यांच्या हाताखाली सिस्टर होत्या, त्यामुळे पुढचे भांडण एका परीने घरातलेच होते. त्यांनी आपल्या रुग्णालयात प्रशिक्षण तीन वर्षांचे केले, १८८७ मध्ये लग्नासाठी पद सोडले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश परिचारिकांची संघटना उभी केली. त्यांचे म्हणणे सोपे होते: डॉक्टरांची जशी शासकीय नोंदवही असते तशी परिचारिकांची असावी, सगळ्यांसाठी एकच अभ्यासक्रम आणि एकच परीक्षा असावी, आणि ‘प्रशिक्षित’ हा शब्द कोणत्याही रुग्णालयाने मनाला येईल तसा वाटू नये.

विरोधात कोण होते पाहा. नाइटिंगेल विरोधात होत्या. चांगली नर्स तिच्या स्वभावाने आणि वागणुकीने ठरते, ते परीक्षेत मोजता येत नाही आणि एकदा नोंदलेले नाव पुढे ती कशी वागते हे सांगत नाही, असे त्यांना वाटे. ल्यूकेस विरोधात होत्या. लंडन हॉस्पिटलचे अध्यक्ष सिडनी हॉलंड तर हिरिरीने विरोधात होते. नाइटिंगेल यांच्या मुद्द्यात तथ्य आहे असे मी मानतो. पण रुग्णालयांच्या विरोधामागे हिशेबही होता. तीन वर्षांचा ठरलेला अभ्यासक्रम कायद्याने आला की दोन वर्षांत प्रमाणपत्र देऊन पुढची दोन वर्षे करारावर राबवून घेण्याची मुभा जाणार होती, आणि लहान रुग्णालयांच्या शाळा तर बंदच पडल्या असत्या. दाया याबाबतीत पुढे निघाल्या. त्यांचा कायदा १९०२ मध्ये झाला. परिचारिकांना पहिले महायुद्ध संपेपर्यंत थांबावे लागले. ल्यूकेस १९१९ च्या फेब्रुवारीत वारल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नोंदणीचा कायदा संमत झाला. १९२१ मध्ये नोंदवही उघडली तेव्हा क्रमांक एकवर बेडफर्ड फेनविक यांचेच नाव होते. तीस वर्षे भांडलेल्या बाईने तो क्रमांक स्वतःसाठी घेतला, यात मला तरी काही गैर दिसत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. कायद्याने नेमलेल्या जनरल नर्सिंग कौन्सिल या परिषदेने अभ्यासक्रम तयार केला, मात्र तो रुग्णालयांवर बंधनकारक झाला नाही. तो सल्ल्यापुरता राहिला. पहिली शासकीय परीक्षा १९२५ मध्ये झाली. म्हणजे परीक्षा देशभर एक, आणि तिची तयारी कशी आणि किती करून घ्यायची हे ज्या त्या रुग्णालयाच्या मर्जीवर. शिकाऊ मुलगी सकाळी वॉर्डात, दुपारी व्याख्यानाला, पुन्हा वॉर्डात, आणि रात्रपाळी चालू असेल तर झोपमोड करून व्याख्यानाला, हा क्रम कायद्यानंतरही अनेक ठिकाणी तसाच राहिला.

जुना_बिल्ला

मी या चर्चेत थोडी उशिरा येत आहे. मी १९७१ मध्ये मुंबईहून इंग्लंडला गेले आणि उत्तरेकडच्या एका औद्योगिक शहरातल्या रुग्णालयात तीन वर्षे शिकले. रुग्णालयाचे नाव इथे देत नाही. वर जे लिहिले आहे त्याची शेवटची पिढी आम्ही होतो असे समजा.

पहिले काही आठवडे आम्ही वर्गात होतो. पुतळ्याला अंघोळ घालायची, एकमेकींना जेवण भरवायचे, आणि खाट घालायची. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, उशीच्या अभ्र्याचे उघडे तोंड दाराकडे येऊ द्यायचे नाही, आणि सगळ्या खाटांची चाके एकाच दिशेला वळलेली हवीत. सिस्टर टोकाला उभी राहून एका डोळ्याने ती रांग पाहत असे. तेव्हा हसू येई. पुढे रात्री अंधारात खाट ढकलताना वाकडे चाक पायात आले आणि ती सवय कशासाठी होती ते कळले.

त्यानंतर आम्हाला वॉर्डात पाठवले आणि आमची गणना मनुष्यबळात झाली. आम्हाला पगार मिळे, त्यातून निवासाचे पैसे कापले जात. पट्ट्याच्या रंगावरून कोण कितव्या वर्षाला आहे ते कळे, आणि त्याप्रमाणे काम वाटले जाई: पहिल्या वर्षाची बेडपॅन धुण्याच्या खोलीत, दुसऱ्या वर्षाची मलमपट्टीच्या गाडीपाशी, तिसऱ्या वर्षाची औषधांच्या किल्ल्या सांभाळायला. तिसऱ्या वर्षी मी रात्री सुमारे तीस खाटांचा वॉर्ड एका कनिष्ठ मुलीला सोबत घेऊन सांभाळत होते. नाईट सिस्टर दोन-तीनदा फेरी मारून जाई. मधल्या वेळात जे होईल ते आमचे. एका रात्री दोन रुग्ण एकाच वेळी खालावले आणि कोणाकडे आधी धावायचे हे मला तिथल्या तिथे ठरवावे लागले. मी बरोबर ठरवले की नाही, हे मला कोणी सांगितले नाही. सकाळी अहवाल दिला, निवासात जाऊन झोपले आणि दुपारी दोनला उठून हृदयाच्या झडपांवरच्या व्याख्यानाला गेले.

त्या काळी चार प्रात्यक्षिक परीक्षा वॉर्डातच होत: निर्जंतुक पद्धतीने मलमपट्टी, औषधवाटप, एका रुग्णाची संपूर्ण शुश्रूषा आणि वॉर्डचे व्यवस्थापन. शिवाय शिकलेल्या प्रत्येक कामापुढे सिस्टरची सही घ्यायची एक पुस्तिका असे. कामाच्या धबडग्यात सही राहून जाई, आणि वॉर्ड बदलायच्या शेवटच्या दिवशी आम्ही ती पुस्तिका घेऊन सिस्टरच्या मागे मागे फिरत असू. काही सह्या खऱ्या शिकवणीच्या होत्या, काही चहा पितापिता झालेल्या.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘स्टुडंट नर्स’ आणि ‘प्युपिल नर्स’ असे दोन वेगळे रस्ते होते. पहिला तीन वर्षांचा, त्यातून नोंदणीकृत नर्स होता येई. दुसरा दोन वर्षांचा, त्यातून ‘एनरोल्ड’ नर्स होता येई, जिला बढतीची वाट जवळजवळ बंद असे. माझ्या निवासात कॅरिबियन बेटांवरून आलेल्या दोघीजणी होत्या, शाळेतले गुण चांगले असलेल्या. त्यांना आल्या आल्या दुसऱ्या रस्त्याला लावले होते आणि फरक काय हे कोणी समजावले नव्हते. आपली पात्रता आपल्या देशात धरली जात नाही, हे त्यांना दुसऱ्या वर्षी घरून आलेल्या पत्रातून कळले. त्यांच्यातली एक ते पत्र हातात धरून जिन्यावर बसली होती. माझे नशीब एवढेच की येण्याआधी मुंबईतल्या एका जुन्या मेट्रनबाईंनी मला सांगितले होते, ‘सही करण्याआधी कागदावर कोणता शब्द आहे तो वाच.’

साळुंकी

ताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. पूरक माहिती म्हणून: ही दुसरी पातळी १९४३ च्या कायद्याने आली. युद्धकाळात परिचारिकांची टंचाई होती आणि अर्धेमुर्धे शिकलेल्या हजारो साहाय्यक परिचारिका तशाही काम करतच होत्या, म्हणून त्यांची वेगळी सूची केली गेली. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर माणसांची गरज आणखी वाढली आणि आयर्लंड, कॅरिबियन व इतर वसाहतींमधून मुली आणल्या गेल्या. शिकाऊंच्या श्रमावर उभ्या असलेल्या व्यवस्थेला देशातल्या मुली पुरेनाशा झाल्या, तेव्हा तिने परदेशातल्या मुली शोधल्या, असे मी याचे वर्णन करेन.

गवती_चहा

मी थोडे विरोधात बोलतो. माझी बहीण आज इंग्लंडमध्ये नर्स आहे आणि तिथल्या वयस्कर सहकारी सतत म्हणतात की वॉर्डात शिकलेल्या नर्सचा हात वेगळाच असे. विद्यापीठातून आलेल्या मुलींना निबंध लिहिता येतो, पण घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवून बसवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मग रुग्णालयीन प्रशिक्षण मोडून काय मिळवले?

कोरा_कागद

गवती_चहा, हा प्रश्न ब्रिटनमध्येही तीस-पस्तीस वर्षे विचारला जात आहे. मात्र ते प्रशिक्षण कोणी एका दिवशी उठून मोडले नाही. १९४७ मध्ये सर रॉबर्ट वूड यांच्या समितीने सांगितले होते की शिकाऊ नर्सला खरी विद्यार्थिनी माना, झाडलोट आणि भांडी यांतून तिला सोडवा आणि प्रशिक्षणाचा पैसा रुग्णालयाच्या खर्चापासून वेगळा करा. १९४९ च्या कायद्याने पैशांची वेगळी व्यवस्था काही प्रमाणात केली, पण मुली वॉर्डातच मोजल्या जात राहिल्या, कारण त्यांना काढले तर त्यांच्या जागी पगारी माणसे आणायला सरकारकडे पैसा नव्हता आणि माणसेही नव्हती. १९६४ च्या प्लॅट समितीने आणि १९७२ च्या ब्रिग्ज समितीनेही प्रशिक्षणाच्या फेररचनेच्या शिफारशी केल्या. अहवाल येत राहिले आणि ड्यूटीचा तक्ता तोच राहिला.

१९८६ च्या ‘प्रोजेक्ट २०००’ या आराखड्यामुळे बदल झाला. त्यानुसार १९८९ पासून विद्यार्थिनी मनुष्यबळाच्या बाहेर काढल्या गेल्या, पगाराऐवजी विद्यावेतन आले, पहिले दीड वर्ष सर्वांना समान पाया आणि पुढचे दीड वर्ष निवडलेली शाखा अशी रचना झाली, आणि एनरोल्ड नर्सचे प्रशिक्षण बंद होत गेले. गंमत अशी की तेव्हाही सुमारे एक हजार तास, म्हणजे अभ्यासक्रमाचा पाचवा भाग, ड्यूटीच्या तक्त्यात धरलेलाच राहिला. जुन्या हिशेबाने शेवटपर्यंत पाय काढला नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयांच्या शाळा विद्यापीठांत विलीन झाल्या आणि २०१३ पासून इंग्लंडमध्ये नव्या नर्सला पदवी आवश्यक झाली.

हाताच्या कौशल्याबद्दल आपल्या बहिणीचे सहकारी म्हणतात त्यात काही अंशी तथ्य असेलही, पण जुन्या पद्धतीत अर्ध्यातून सोडून गेलेल्या मुलींचा हात कसा होता हे कोणी विचारत नाही, कारण त्या आठवणी सांगायला मागे उरलेल्या नाहीत. आणि चक्र पुन्हा फिरते आहे. इंग्लंडमध्ये २०१७ पासून नव्या विद्यार्थिनींचे विद्यावेतन बंद करून त्यांना शुल्कासाठी कर्ज घ्यायला लावले गेले, आणि त्याच सुमारास रुग्णालयात पगारी नोकरी करत पदवी मिळवण्याचा शिकाऊ उमेदवारीचा रस्ताही उघडला गेला. १८६० च्या करारातली १० पौंडांची ओळ इतकी जुनी झालेली नाही.

निशाचर

आपल्याकडचा दुवा थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यातले प्रशिक्षण याच साच्यातून आले. मेट्रन, सिस्टर, स्टाफ नर्स ही पदनामे, तीन वर्षांचा रुग्णालयीन अभ्यासक्रम आणि निवासाची सक्ती ही सगळी तिकडची. पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुली शिकायला पाठवल्या, तेव्हा रमाबाई रानडे यांच्यापुढची मोठी अडचण चांगल्या घरच्या मुलींनी परक्या माणसांची शुश्रूषा करावी की नाही, ही होती. ब्रिटनमध्ये हाच प्रश्न पन्नास वर्षे आधी विचारून झाला होता. ब्रिटनने रुग्णालयाच्या शाळा बंद केल्या, पण आपल्याकडचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा पदविका अभ्यासक्रम अजून चालू आहे, आणि त्यातल्या मुलींना वॉर्डात किती शिकवले जाते व किती राबवले जाते यावर वेगळा धागा निघू शकेल.

गवती_चहा

प्रतिसाद पटला, विशेषतः सोडून गेलेल्यांचा मुद्दा. जुना_बिल्ला ताई, आपल्या सदस्यनामाबद्दल विचारू का? तो बिल्ला शासनाचा की रुग्णालयाचा?

जुना_बिल्ला

दोन्ही मिळत असत. शासकीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कौन्सिलचा बिल्ला, आणि रुग्णालयाची स्वतःची परीक्षा व ठरलेली सेवा पूर्ण केल्यावर रुग्णालयाचा. आम्ही रुग्णालयाचाच जास्त मिरवत असू, कारण कोण कुठे शिकली ते त्यावरून पाहताक्षणी कळे. माझ्या बिल्ल्यामागे माझे नाव आणि साल कोरलेले आहे. ते रुग्णालय पुढे पाडले आणि तिथे घरे झाली. शासकीय बिल्ला कुठल्याशा घर बदलण्यात हरवला. रुग्णालयाचा अजून शिवणाच्या डब्यात आहे, त्याची टाचणी मात्र मोडली आहे.